बंडूमामाचा अंतरपाट

तेल्हाऱ्यातल्या बंडूले नव्या वस्तूचं असं कौतुक, का ती वस्तूच लाजून जाईन. टीव्हीचा रिमोट आनला त्या दिवसापासून प्लास्टिकच्या पन्नीत. पन्नी मळली, बटनं दिसेनाशी झाली, तं वरून दुसरी पन्नी चढवली. स्कुटीच्या सीटचं प्लास्टिक उन्हानं तडकलं, बसलं का टोचे, पन काढलं नाई. बायको रागिणी हासे. म्हने, "अवो, तुमी तं मलेबी पन्नीतच आनलं असतं, पन वरात निंगाची घाई होती."

मानूस मात्र सोन्यासारखा. लग्नाचे व्हिडिओ काढाचं त्याचं काम, घराच्या समोरच्या खोलीत दुकान. मांडवात शिरला का सगळ्यायले नात्यानं हाका मारे. आत्याबाई, इकडे पाहा. काका, घास गिळा, मंग हासा. त्याच्या व्हिडिओत कोनी सुटे नाई. आहेर देनारी म्हातारी असो का भांडे घासनारी बाई, सगळे दिसलेच पायजे. खोट एकच. व्हिडिओ हाती येवाले लय उशीर. कॉम्प्युटर जुनं, त्याची चाल म्हनजे चिखलातली बैलगाडी. सकाळी बटन दाबे, आंघोळ करे, चहा पिये, तवा कुठी ते डोळे उघडे.

अशात त्याची मोठी बहीन आशाबाई, तिची पोरगी प्राजक्ता, तिले अमरावतीचं स्थळ आलं. साक्षगंधाच्या पंगतीत नवरदेवाचे वडील वामनराव म्हनले, "लग्न तुमच्याकडं, रिसेप्शन आमच्याकडं. तथी मोठ्या पडद्यावर लग्नाचा व्हिडिओ दाखवाचा हाय. म्हनून आमचा अमरावतीचा फोटोवाला घेऊन येतो. तुमच्या गावाकडं तं लग्नाचा व्हिडिओ बारशाले भेटते म्हनतेत!"

सारी पंगत हासली. आशाबाईले झोंबलं. वाढाचं पातेलं खाली ठेवून म्हनली, "याहीबुवा, व्हिडिओ माहा भाऊ करन. अन् रिसेप्शनलेच दिसन."

बंडूनं हातातली पुरनपोळी पानात परत ठेवली.

पंगत उठल्यावर त्यानं बहिनीले कोपऱ्यात घेतलं. "बाई, हे काहून बोलली तू? लग्न अन् रिसेप्शनच्या मंधात दोन दिवस बी नाईत."

"मंग काय करू? पोरीच्या तोंडावर हासून राहिले ते आपल्याले. उद्या तिले तथी नांदाचं हाय. बंड्या, माही जबान आता तुह्या हातात."

झालं. बंडूनं कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला अन् मांडीवर घेऊन अकोल्याच्या यष्टीत बसला. बाजूची बाई म्हने, "भाऊ, लेकराचं तोंड तं उघडं ठेवा, जीव गुदमरन त्याचा."

अकोल्यात श्यामचं दुकान. श्यामनं डबा उघडला अन् तळहाताएवढी चपटी डबी दाखवली. "हे बसवू. एसएसडी."

"एवढुशी? यात तं नुसती हळद मावन, बावा. लग्न कुठी ठेवू?"

"चार लग्नं मावतेत. तुमच्या जुन्या हार्डडिस्कमंदी चकती फिरते, तिच्यावर एक एक चीज हुडका लागते. यात फिरनारं काईच नाई. तुमी मांगाच्या आंदी चीज हजर." श्यामनं डबी जुनीच्या बाजूले बसवली, कॉम्प्युटर तिच्यावरून चालू करून दाखवलं. वर बजावलं, "भाऊ, जे काम हातात हाय ते नवीवर ठेवजा. झालेलं काम जुनीवर. ध्यानात ठेवजा."

"हो हो," बंडू म्हनला.

घरी बटन दाबलं अन् टॉवेल घ्याले उठला, तं कॉम्प्युटर तयार! त्यानं रागिणीले बलावलं. बंद करून दाखवलं, चालू करून दाखवलं. शेजारची मैना बी पाहून गेली. आंघोळ मात्र राहून गेली.

मंग लग्न आलं. आता पाहा, बंडू व्हिडिओवाला, पन नवरीचा मामा बी तोच. मंगलाष्टकं चालू झाले का मामाले नवरीच्या मांगं उभं रहा लागते. कॅमेरा कोनाच्या हाती देववेना. मंग एक हात भाचीच्या खांद्यावर, एका हातात कॅमेरा, असा उभा राहिला गडी. भटजीनं डोळे वटारले. अक्षता कॅमेऱ्यावर अन् याच्या टकलावर सारख्याच पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं लग्न कॉम्प्युटरमंदी टाकाले बसला. नव्या डबीवर हात गेला अन् थबकला. कशी कोरी, लख्ख! पहिल्याच कामाले कायले राबवा बिचारीले? नवी हाय, नवीच राहू दे. अन् सारं लग्न त्यानं मुकाट्यानं जुनीवर टाकलं.

जोडाजोड चालू झाली. हळद कशीबशी सरकली. मंगलाष्टकं आले अन् चित्र अडकलं. अंतरपाट अर्धा खाली आला, तथीच थांबला. पुन्हा चालवलं, पुन्हा तथीच. नवरदेवाचं कपाळ दिसे, तोंड दिसेना.

"श्यामनं फसवलं मले!" बंडू कपाळाले हात लावून बसला.

तेवढ्यात आशाबाई बुंदीचा डबा घेऊन आली. पोरीले वाटे लावून डोळे सुजले होते, पन पडद्याकडं पाहून हासली. "हे काय रे? जवाईबुवा अजून पडद्यामांगंच? याही तथी खुर्च्या मांडून राहिले असन."

"बाई, होत नाई वाट्टे."

आशाबाईचं हासू उतरलं. रागिणीनं चहा आनला. आशाबाईच्या कपाचा कान तुटलेला, बोट भाजलं तिचं.

"रागिणी, त्या काचेच्या कपाटातले कप कवा काढशीन वो?"

"ते पाव्हन्यायचे हायेत, बाई."

"मंग मी कोन?"

"तुमी घरच्या."

"अन् साक्षगंधाले अमरावतीचे पाव्हने तुमच्याकडं चहाले आले होते, तवा?"

"तवा हे म्हनले, पाव्हने गडबडीत हायेत, फोडतीन!"

दोघी नंदा-भावजया पोट धरून हासल्या. बंडू हासला नाई. तो कपाटाकडं पाहे, मंग कॉम्प्युटरकडं पाहे.

"काय झालं रे?"

"बाई, नवी डबी बी म्या कपाटातच ठेवली. लग्न सारं जुनीवर हाय."

आशाबाईनं कप खाली ठेवला. "म्हनजे नवा बैल आनला, गोठ्यात बांधला, अन् गाडीले म्हातारा जुपला? अरे बह्याडा! जुप की त्याले!"

बंडूनं लग्न जुनीवरून नवीवर न्याले लावलं. जुनी आपल्याच चालीनं देऊन राहिली होती, म्हनून तवापर्यंत त्यानं बुंदी संपवली. मंग मंगलाष्टकं लावले. शुभमंगल सावधान, अन् अंतरपाट सर्रकन खाली! कुठी अडकन नाई, कुठी थांबन नाई. त्यानं दहादा पाडून पाहिला. "जाऊ द्या ना पुढं," रागिणी म्हनली, "जवायाचा हात दुखला असन हार धरून."

रिसेप्शनच्या दिवशी बंडू पेनड्राइव्ह पन्नीत गुंडाळून अमरावतीले पोचला. लॉनवर मोठा पडदा, समोर सारे सोयरे. आशाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

व्हिडिओ चालू झाला. नवरदेवाची आजी आहेर देतानी दिसली, तं म्हातारी खुर्चीतून उठून म्हनली, "अवो, मीच होय हे!" मंग अंतरपाट आला. पडद्यावर प्राजक्ताच्या डोक्याची मांगची बाजू, मोगऱ्याचा गजरा, वरून अक्षतांचा पाऊस. पाट पडला अन् समोर नवरदेव, तोंड उघडं टाकून पाहून राहिला. प्राजक्ताले त्या घडीले जसा दिसला, तसाच साऱ्या लॉनले दिसला. काय शिट्ट्या, काय हासनं! प्राजक्ता लाजून लाल.

वामनराव उठून आले. "भाऊ, नवरीच्या मांगून कसं काढलं हे? आमच्या फोटोवाल्याले तं तथी कोनी फिरकूच देत नाई."

बंडू तोंड उघडे, तेवढ्यात आशाबाई बोलली. "याहीबुवा, तथी मामाच उभा रायते."

वामनरावांनी हात जोडले. "मानलं. धाकट्याच्या लग्नाले बी तुमीच या."

"येतो," बंडू म्हनला, "पन त्या नवरीच्या मामाले सांगून ठेवजा. जागा सरकवून घ्या लागन."

घरी आल्यावर रागिणीनं काचेच्या कपाटातल्या कपात चहा देल्ला. बंडूनं पेला, कप धुतला, पुसला, अन् सवयीनं कपाटाकडं निंगाला. रागिणीनं नुसतं पाहिलं. तसा वळला अन् कप चुलीजवळच्या खिळ्याले अडकवला.

स्कुटीचं प्लास्टिक मात्र अजून तसंच हाय. बसलं का टोचते. ते निंगाले आनखी एखाद्या भाचीचं लग्न लागन.