वामनरावांचा नवाचा वाटा

मास्तरांच्या बैठकीतले किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे. रोज झटकावे, रोज साचतात!

आमची बैठक पांढुर्ण्याची, देश नुकताच स्वतंत्र झाला तेव्हाची. गणिताचे वेडे चौघं: गणपतराव, वामनराव, सौंसरचे सदाशिवराव आणि मी. ओळीने सात वेळा 'एक' लिहून झालेली संख्या आम्ही फोडली होती, २३९ गुणिले ४६४९. तोंडाला रक्तच लागलं. एका रविवारी गणपतरावांनी फळ्यावर अकरा वेळा 'एक' लिहिला आणि म्हणाले, "हे फुटते का, पाहा!"

अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा!

दोन आणि पाच सोडले, तर मूळ संख्येच्या शेवटी एक, तीन, सात किंवा नऊच येतो. म्हणून भागून पाहायच्या मूळ संख्यांची वाटणी झाली. एकवाल्या मला, तीनवाल्या गणपतरावांना, सातवाल्या सदाशिवरावांना, नऊवाल्या वामनरावांना. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, हा नेम.

\*

पुढच्याच रविवारी सदाशिवराव सौंसरहून संत्र्यांची टोपली घेऊन हजर. "फुटला! पहिल्याच झटक्यात, सातानं!"

आम्ही संत्री सोलायला घेतली. वामनराव मात्र सदाशिवरावांचा कागद बोटाने मोजत बसले. एक 'एक' जास्त पडला होता! बारा झाले होते.

वामनराव शांतपणे म्हणाले, "एक कमी करा, अन् संत्री ठेवून जा!"

\*

वामनरावांना जागेचं भान नसायचं. एकदा परीक्षेच्या देखरेखीवर असताना त्यांनी फळ्यावर आपला भागाकार मांडला. सगळ्या वर्गाने तो प्रश्न समजून उतरवून घेतला आणि सोडवला! इतिहासाचा पेपर होता.

हेडमास्तर चिडले. वामनराव म्हणाले, "सर, तीस जनांचं उत्तर सारखं आलं. पडताळा तं झाला ना!"

\*

मग राज्यांची मोडतोड झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. गणपतरावांना हिंदीत शिकवायचा हुकूम आला. 'मूळ संख्या'ची 'अभाज्य संख्या' झाली.

"कठीण जाते का गणपतराव?" मी विचारलं.

"नाव बदललं म्हनून ते फुटते थोडीच!"

पण आमची बैठक फुटली. वामनराव मूळचे चांद्याकडचे, म्हणजे आता मुंबई राज्यातले; त्यांची नेमणूक तिकडेच झाली. गाडीत बसताना म्हणाले, "नऊ माह्याकडंच राहू द्या." नंतर रविवारी आम्ही तिघं जमायचो, भागाकार मांडायचो आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून लवकर उठायचो. मला तर त्यांच्या बोटाने मोजण्याचीसुद्धा आठवण यायची. आमचे तिघांचे वाटे वीस हजारांच्या पुढे गेले, काही लागत नव्हतं. सदाशिवराव म्हणाले, "नऊचं आपनच पाहून घेऊ ना!" गणपतराव त्यांच्यावर खेकसले, "त्याहीचा वाटा हाये तो!"

\*

आणि एका दुपारी त्याच गणपतरावांनी मला एकट्यालाच वर्गात बोलावलं. फळ्यावर लिहिलं होतं: २१६४९ गुणिले ५१३२३९. मी गुणून पाहिलं. अकराच्या अकरा एक!

"नवाच्या वाट्यातच निघाला," ते हळूच म्हणाले. "राहवलं नाही बाप्पा." आणि ओल्या फडक्याने फळा पुसून टाकला.

त्या उन्हाळ्यात वामनराव बैतूलला लग्नाला चालले होते. गाडी पांढुर्ण्याला जेमतेम थांबते, म्हणून आम्ही दोघं आधीपासून फलाटावर उभे. वामनराव खिडकीतून अर्धे बाहेर आले. केस पिकले होते. ना राम राम, ना तब्येतीची विचारपूस.

"गणपतराव, फुटला का?"

गणपतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाही न जी! आमच्या तिघाईच्या वाट्यात काहीच नाही. आता जे हाये ते तुमच्याच नवात. तुमच्याबिगर कसं निघन?"

शिट्टी झाली. वामनरावांचा चेहरा उजळला.

"मंग दिवाळीत मुक्कामालेच येतो!" ते ओरडले. "तवरोक कोनी हात लावू नका!"