सुभेदारांच्या बिऱ्हाडातली वीज

कराडजवळ मलकापूरला आमचे जे घरमालक होते, त्यांना विजेची भीती वाटत असे, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. दोन लढाया पाहिलेला, मिशा राखलेला धिप्पाड माणूस. पण बटण दाबताना चप्पल पायात आहे ना हे आधी बघायचा. सगळे त्यांना सुभेदार म्हणत. पलटणीत त्यांनी विजेचंच काम केलं होतं. "बंदूक नेम धरती बाई," ते मला म्हणत, "वीज धरत न्हाई. जो सापडल तो तिचा."

पेन्शनीत आल्यावर त्यांनी उसाच्या रानाकडेला चार बिऱ्हाडं बांधली. त्यातल्या एकात आम्ही राहत होतो: तुमचे आजोबा, मी, माझ्या सासूबाई आणि तुमची आई, तेव्हा चार वर्षांची. मी कराडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. दर रविवारी सकाळी सुभेदार खिशात टेस्टर घालून दाराशी येत. "आत यिऊ का?" म्हणत आणि एकेक बटण, एकेक वायर तपासत. मागच्या अंगणात त्यांनी खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं होतं. भरकटलेली वीज जमिनीत जावी म्हणून प्रत्येक घरातून तिथे तार नेली होती. कोरडी माती वीज घेत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्याला ते रोज बादलीभर पाणी घालत. शेजारणी हसत, "सुभेदार, मिठाला कोंब फुटला का?"

सासूबाईंशी मात्र त्यांची एकदा जुंपली. आम्ही विजेची शेगडी आणली तेव्हा स्वयंपाकघरात रबरी चप्पल घालून उभं राहा, असं त्यांनी सांगितलं. चुलीपुढे चप्पल! सासूबाई ऐकेनात. दुसऱ्या दिवशी सुभेदार एक जाड लाकडी पाट घेऊन आले.

"ह्याच्यावर उभं ऱ्हावून सैपाक करा."

"पाट बसायला असतो. त्यावर पाय देऊन उभं राहायचं?"

"आवं काकू, लग्नात उभ्या ऱ्हायलाच की पाटावर! तवा काय न्हाई वाटलं?"

सासूबाई पदराआड हसल्या, आणि त्या दिवसापासून पाटावर उभ्या राहू लागल्या.

पुढच्या थंडीत एका आठवड्यात आमचा फ्यूज दोनदा उडाला. दोन्ही वेळा सुभेदारांनी तो बांधून दिला आणि बजावलं, "फ्यूज उगा जात न्हाई. आता गेला तर शेगडी लावू नका, मला हाक मारा." तिसऱ्यांदा गेला तेव्हा ते लोणंदला लेकीकडे गेले होते. मला शाळेची घाई. केसासारखी बारीक तार मिळेना, म्हणून मी हाताला लागलेली जाड तार फ्यूजमध्ये गुंडाळली. शेगडी पेटली. मी शिकलेली बाई, मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुपारी घरी आले तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. पातेलं उतरवताना शेगडीने झटका दिला होता. पायाखाली पाट होता म्हणून हात सुटला. तुमची आई बाजूलाच फरशीवर अनवाणी खेळत होती.

संध्याकाळी सुभेदार आले. शेगडी उलटी करून त्यांनी आतली निसटलेली तार पाहिली, मग फ्यूज उघडला. बारीक तार असती तर वितळून वीज तुटली असती; माझी जाड तार तशीच शाबूत होती.

"ही कुनी बांधली?"

"मी," मी म्हणाले. सासूबाईंकडे बघवत नव्हतं. सुभेदार जागा सोडा म्हणतील असंच मला वाटलं.

"तार तुमी बांधली बाई, पर घर माजं हाय. हाक मारा म्हनलो आन सोता लोणंदला जाऊन बसलो. तुमाला बांधायला शिकवायचं माजंच ऱ्हायलं."

मग त्यांनी मला जमिनीवर बसवून फ्यूज बांधायला शिकवलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी जसं दहादा लिहायला लावत असे, तसं दहादा. सातव्या वेळी म्हणाले, "ढिला हाय. पुन्यांदा."

पुढे तुमच्या आजोबांची बदली सांगलीला झाली. तिथल्या न्हाणीघरात नळाला हात लावला की मुंग्या येत. नवे मालक म्हणायचे, "ओलीमुळे होतं तसं." मी सुभेदारांना पत्रात सहज लिहिलं. चौथ्या दिवशी ते एसटीने दारात हजर! पाणीसुद्धा न घेता नळाला टेस्टर लावला, मीटरपर्यंत गेले आणि मालकांना हाक मारली.

"ह्या घराला जमिनीत जानारी तारच न्हाई."

"अहो, आजवर किती भाडेकरू राहून गेले. कुणी मेलं नाही."

"मेल्यावर टाकनार व्हय? आज टाकली न्हाई, तर ह्यास्नी सामानासकट घेऊन जातो मी."

मालक चिडले. "पण तुम्ही यांचे कोण? वडील, की सासरे?"

सुभेदारांनी टेस्टर पुसून खिशात ठेवला.

"घरमालक."

 मग मालकांनी सायकल काढली आणि स्वतः वायरमनला आणायला गेले. सुभेदारांची जागा सोडून आम्हाला तेव्हा पाच महिने झाले होते.