माझ्या पट्ट्यात तिचं हृदय

करोनाच्या दिवसांत, जपानमधल्या फुनाबोरीच्या घरी, माझा देवावरचा विश्वास जरा डळमळला होता. उभ्या जन्मात गुरुवारचा उपास चुकवला नाही, तरी त्रेपन्नाव्या वर्षी स्टेंट टाकावा लागला! त्यातून रुग्णालयाने व्यायामासाठी तिकडे यायलाही मनाई केली आणि एक सायकल व छातीला बांधायचा पट्टा घरपोच पाठवला. पट्टा बांधून वीस मिनिटं पेडल मारायची, की ठोक्यांचा आलेख तिकडे नाकामुरा-सान या थेरपिस्टबाईंच्या पडद्यावर उमटायचा. व्यायामाशी माझं पिढीजात वैर. पण नाकामुरा-सान व्हिडिओवर इतक्या अदबीने ‘अजून थोडंसं, कृपया’ म्हणत, की थांबायची लाज वाटे.

विश्वास सावरायला मी सात दिवसांचं पारायण धरलं. अध्याय पुरा होईपर्यंत आसनावरून उठायचं नाही, हा नियम. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमुळे वाचन लांबलं आणि नेमकी सायकलची वेळ झाली. त्या दिवशी व्हिडिओ नव्हता, नुसता आलेख जायचा होता. माझं डोकं चाललं.

“तू बांध ना पट्टा,” मी बायकोला म्हटलं. “त्यांना काय कळतंय?”

“अहो, तुमचं हृदय मी चालवायचं?”

“पंचवीस वर्षं चालवतेच आहेस की.”

असल्या गोड बोलण्याला ती आजवर फसत आली आहे. त्या दिवशीही फसली. देवासमोर बसून आपण लबाडी करतोय, हे मला सुचलंही नाही.

दहा मिनिटांत शेजारचा टॅबलेट वाजला. नाकामुरा-सान घाईघाईने म्हणाल्या, “ताबडतोब थांबा! ठोके फार अनियमित पडताहेत.”

मला दरदरून घाम फुटला. आता आपण चाललो, म्हणून मी हातसुद्धा जोडले. आणि मग लक्षात आलं, की ते हृदय माझं नव्हतंच.

ती सायकलवर वाकून धापा टाकत होती. “काही नाही हो. हल्ली जिन्यातही असाच दम लागतो,” म्हणाली. मला एका शब्दाने बोलली नव्हती!

अध्याय अर्धा टाकून मी उठलो. टॅबलेट तिच्यासमोर धरला आणि माझी चोरी कबूल केली. जपानीत माफी मागायची जेवढी वाक्यं ऑफिसात शिकलो होतो, ती सगळी एका दमात संपवली. नाकामुरा-सान म्हणाल्या, “माफी नंतर. आधी त्यांना बसवा. रुग्णवाहिकेला मी फोन करते.”

साथीमुळे रुग्णालयात मला आत सोडलं नाही. बाहेर फुटपाथवर उभा राहून मी रडलो. मास्क होता म्हणून निभावलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. अशा ठोक्यांनी गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाण्याचा धोका होता, पण वेळेत कळलं. आता गोळ्या घ्यायच्या आणि जपायचं.

याला कुणी योगायोग म्हणालं तर मी वाद घालत नाही. तीन दिवस मी पोथीसमोर बसून फक्त ‘माझं हृदय सांभाळ’ एवढंच मागत होतो. घरात दुसरंही एक हृदय आहे, हे मला आठवलं नाही. त्याला आठवलं, आणि त्याने माझ्या लबाडीलाही कामाला लावलं. तेव्हापासून मी काही मागत नाही. नुसते हात जोडतो, डोळे मिटतो, आणि मध्येच एक डोळा उघडून ती शेजारी बसली आहे ना, एवढं बघून घेतो.