इतिवृत्तातलं पानी

ते काका कुठल्या गावचे, हे विचारायचं राहूनच गेलं. बोळिंजला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सभा होती. आपलं बोलणं ऐकून लिहिणाऱ्या फोनला उद्या वसईतल्या गावोगावच्या बोली कशा शिकवायच्या, याची योजना सगळ्यांनी मिळून आखायची होती. इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

काका पहिल्या रांगेत गुडघ्यांमध्ये छत्री उभी धरून बसले होते. बोलायचं असलं की हात वर करण्याऐवजी ते छत्री फरशीवर आपटायचे. पंख्याखाली पेंगणारे दचकून जागे व्हायचे.

"मिठागरात जल्म गेला माझा," ते म्हणाले. "फोनला इचारतो, भरतीचं पानी कवा येनार? तर तो पहिलं माझं बोलनंच सुधारतो!"

सगळे हसले. लगेच एकमताने ठराव झाला: यंत्राने कुणाचीही बोली सुधारू नये, जशी ऐकली तशी लिहावी. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबताच छत्री आपटली. "माझं काय लिवलंय, ते वाचा जरा."

मी ऐटीत वाचलं, "भरतीचे पाणी केव्हा येणार..."

"असं कवा बोललो मी?" छत्रीचं टोक माझ्याकडे वळलं. "यंत्राचं मागाहून बघा. पहिलं या सायबाला शिकवा!"

हॉलभर हशा पिकला. मी मान खाली घालून खाडाखोड करत राहिलो. तिथे कुणाला सांगितलं नाही, पण घरी आईकडे मीही पानीच मागतो.