सासऱ्यांना दाखवलेला समुद्र

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला एका गलबतावर नोकरीला होतो. पूर्वी ते गलबत मंगलोरी कौलं वाहायचं. पुढे कौलं ट्रकने जाऊ लागली, तेव्हा मालकाने त्यावर गाद्या टाकल्या आणि पाहुण्यांना समुद्राची सैर घडवायला सुरुवात केली. शिडं तीच, गलबत हाकणारे तांडेलही तेच. गलबताला इंजिन नव्हतं. पाहुण्यांची उठबस करणं, त्यांना खाऊपिऊ घालणं आणि किनारा दाखवणं हे माझं काम. त्यासाठी मी स्वखर्चाने पांढरी टोपी घेतली होती.

अडचण एकच होती. मला बोट लागायची. पण ती पाहुण्यांनाही लागायची, त्यामुळे चालून जायचं. पाहुणा कठड्यावर ओणवा झाला की मी त्याच्या शेजारी जाऊन आपुलकीने ओकत असे. लोकांना तो सेवाभाव वाटे. दोघांनी तर मालकाकडे माझी स्तुतीही केली होती.

याच सुमारास माझं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगी कोल्हापूरकडची, दापोलीला शेतकीच्या कॉलेजात शिकणारी. तिची हरकत नव्हती, माझी तर नव्हतीच. हरकत तिच्या वडिलांची होती. ते स्वतः रत्नागिरीला आले आणि धक्क्यावर उभं राहून त्यांनी ती मला स्वच्छ सांगितली.

"पोरगी द्यायची ती जमिनीवरच्या माणसाला. पाण्यात गेलेला माणूस आन् आडात पडलेली बादली, परत आली तर आपली."

मी म्हणालो, "समुद्रासारखी सुरक्षित जागा नाही. तुम्ही एकदा येऊन तर बघा."

"येतो की," ते म्हणाले आणि पायताणं हातात घेऊन गलबतावर चढलेच. त्या दिवशी दुसरे पाहुणे नव्हते. म्हणजे ज्यांच्या आडोशाला ओकावं असं कोणीच नव्हतं.

मी तांडेलांच्या कानाशी लागलो. राजिवड्याचे हे पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. "चाचा, आज गलबत जरा सांभाळून न्या."

"वारा माझा जावई आहे काय रे, सांगेन तसा वागायला? तू तुझं पोट सांभाळ."

"आणि माझ्याबद्दल चार शब्द बरे बोला."

"चार सापडले तर बोलीन."

सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असतो. आरे-वारेपर्यंत मी डोलकाठीला टेकून उभा राहिलो आणि व्याख्यान दिलं. टोपी जराशी तिरकी ठेवली होती. मुलीचे वडील मांडी घालून ऐकत होते. माझ्या मते लग्न जमल्यात जमा होतं.

दुपारी वारा फिरला, समुद्राकडून आला. चाचांनी गलबत वळवलं आणि लाटा आडव्या लागू लागल्या. मी शांतपणे कठड्यापाशी गेलो.

"काय बघताय वाकून?"

"मासे," मी म्हणालो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मासं बघताय, का मास्यांस्नी जेवाय घालताय?"

त्यानंतर मी दोरखंडाच्या गुंडाळीवर आडवा झालो. टोपी समुद्रात गेली ती गेलीच. सासरे, म्हणजे अजून न झालेले, माझं कपाळ धरून शेजारी बसले आणि दुसऱ्या हाताने तळलेला बांगडा खाऊ लागले. त्यांना काहीही होत नव्हतं. "जन्म बैलगाडीत गेला आमचा. ह्ये काय हालतंय!"

मग त्यांनी चाचांना विचारलं, "ह्यो रोजच असा?"

मी चाचांकडे डोळ्यांनी विनवणी केली. चाचांनी ती पाहिली आणि सुकाणू सरळ केलं.

"रोज नाही. गलबत नांगरलेलं असलं की अगदी ठणठणीत असतो."

"किती वर्सं टिकंल ह्या कामात?"

"वर्षं? पावसाळ्यात आम्ही गलबत ओढून वर घेतो. त्यानंतर हा पुन्हा चढला, तर मी दाढी काढीन."

संपलं, असं मला वाटलं. पोटातलं तर आधीच संपलं होतं. सासऱ्यांनी आणखी एक बांगडा मागितला.

धक्क्यावर उतरलो तेव्हा जमीनही हलत होती. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"मला वाटलं हुतं, पोरगं दर्यावर्दी हाय. मग न्हाईच म्हननार हुतो," ते म्हणाले. "पर तुमी न्हाई बुडायचा. बुडायला आधी बोटीवर टिकाय लागतंय. चला पावणं, च्या घिऊ."

कोल्हापूरकडे जावयाला पावणं म्हणतात. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण परिस्थिती पाहून लगेच मिटलं.

लग्न जयगडजवळ आमच्या गावी झालं. रत्नागिरीहून पुढे वऱ्हाड गलबतानेच न्यायचं, असा सासऱ्यांनी हट्ट धरला. चाचांनी शिडाला झेंडूची माळ बांधली, आणि सासरे गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, मांडी घालून बसले.

मी एस.टी.ने गेलो.