खरं रडू

दिव्याच्या उष्णतेने तापलेल्या जिलेटिनच्या कागदाला एक गोडसर, करपट वास असतो. दोन वर्षांपूर्वी, चैत्रातल्या एका दुपारी, वारज्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिव्यांवर केशरी कागद ताणून आम्ही संध्याकाळ निर्माण केली होती. बाहेर टळटळीत ऊन आणि आत मात्र आईच्या पांढऱ्या केसांवर मावळतीचा मऊ, पिकल्या आंब्याच्या रंगाचा प्रकाश. धुपाच्या धुराने त्या प्रकाशाला गहिरेपणा आला होता, आणि चाकं लावलेल्या पाटावरून कॅमेरा निःशब्द सरकत होता. हाताशी काही नसताना सगळं घडवता येतं, याची एक नशा त्या दिवसांत आम्हाला चढली होती.

लघुपट माझा मित्र अनिकेत याचा, युक्त्या माझ्या, आणि नायिका माझी आई, निवृत्त शिक्षिका. प्रसंग एवढाच, की एका वृद्धेला फोनवर कुणीतरी गेल्याचं कळतं. पण आईला रडू येईना. ग्लिसरिनने डोळे लाल झाले, पाणी आलं. दुःख काही आलं नाही.

‘‘अहो दिग्दर्शक, त्यापेक्षा कांदे चिरायला द्या,’’ ती म्हणाली, ‘‘निदान भाजी तरी होईल.’’

अनिकेतने मला बाल्कनीत नेलं. ‘‘तुझ्या मामांचं नाव घे. एकच टेक. मग लगेच खरं सांगून टाकू काकूंना.’’

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, साताऱ्याचा, तिने कडेवर खेळवलेला. आजीच्या आजारपणात उच्चारल्या गेलेल्या एका वाक्यावरून सहा वर्षं दोघांत अबोला होता. मी नाही म्हणू शकलो असतो. उजेड जाईल, अशी सबब मी मनाशी केली. पण तो उजेड तर मीच लावलेला होता, हवा तितका वेळ टिकणारा.

बाल्कनीतून मी फोन लावला. ‘‘आई, हे शूटिंगमधलं नाही. साताऱ्याहून फोन होता. मामा गेला.’’

‘‘कधी?’’ तिने विचारलं. मग फोन मांडीवर ठेवला, आणि बाबा गेले तेव्हाही मी ऐकला नव्हता असा एक आवाज तिच्या घशातून आला. अनिकेतने कितीतरी वेळ ‘कट’ म्हटलं नाही. म्हटलं तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या.

मी आत येऊन खरं सांगितलं. पदराने तोंड पुसून, आमच्या देखतच, तिने मामाचा नंबर लावला. नेहमीच्या सवयीने स्पीकर चालू होता.

‘‘ताई? अगं, रडतेस का? काय झालं?’’

आईला खोटं कधी बोलता आलं नाही. ‘‘काही नाही रे. इथे सिनेमा चाललाय. तू गेलास, असं सांगितलं मला यांनी.’’

मग मामा ‘‘छान’’ म्हणाला आणि फोन बंद झाला.

लघुपटाला एका छोट्या स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालं. ते घ्यायला आई आली नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मामा खरोखरच गेला. तिचा हात हातात घेऊन मी ते सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ माझा चेहरा निरखत राहिली. मग उठून तिने स्वतः साताऱ्याला फोन केला, खात्री करून घेतली, आणि बॅग भरली. तिथे तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ‘काळीज दगडाचं हिचं,’ बायका कुजबुजल्या. परतताना घाटात, काचेबाहेरच्या वाळल्या गवताकडे बघत ती एवढंच म्हणाली, ‘‘माझं रडून झालंय रे मागेच.’’

तेरावा झाल्यावर तिने तो लघुपट मागितला. लॅपटॉपवर तो प्रसंग तिने पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला; एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं.

‘‘हिला खरं वाटलं होतं,’’ ती म्हणाली.

मला क्षमा मागायची होती. शब्द ओठांशी आले, आणि जाणवलं, की ज्या कातर, गंभीर आवाजात मी ते उच्चारणार होतो, तो आवाज तिने बाल्कनीतून एकदा ऐकलेला होता. दुसरा आवाज माझ्यापाशी आहे की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.