गंगाबायच्या हातावरचा गोल

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कातडीवरचे काळे डाग उजळवणारी औषधं तपासायची एक लहानशी प्रयोगशाळा होती. तिथं मदतनीस असलेल्या सगुणने बाटली चुकवली. काचेच्या नळीतल्या चाचणीसाठी ठेवलेलं कडक द्रावण त्याने गंगाबायच्या हातावरच्या पट्टीला लावलं. संध्याकाळी ध्यानात आलं, तेव्हा मोटरसायकल पिटाळत तो तिच्या घरी गेला आणि पट्टी सोडवली. परत येऊन तेच द्रावण स्वतःच्या हातालाही लावलं. जे व्हायचं ते दोघांना होऊ दे! पेडण्याच्या शाळेत विज्ञानात पहिला आलेल्या मुलाचं हे शास्त्र.

गंगाबाय बांद्याकडची. नवरा गेल्यावर काजूच्या कारखान्यात बिया फोडून तिने लेकीला, शुभांगीला, वाढवलं. बियांच्या तेलाने हात काळवंडले होते. "चेडवाच्या लग्नात हात जरा माणसात दिसूंदेत," म्हणून ती चाचणीला आली होती.

काही दिवसांनी तिच्या हातावर पांढराफेक गोल उमटला. सगुणच्याही. रंग हळूहळू भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण नळावरच्या बायका थांबतात थोड्याच! 'गंगाक कोड फुटला,' गावभर झालं. आणि रविवारी शुभांगीला बघायला सातार्ड्याची माणसं यायची होती.

"मावशी, साहेबांना माझं नाव सांगा," सगुण रडकुंडीला आला. "नोकरी गेली तर जाऊ दे."

"तुझी नोकरी घालवून माझो हात भरून येतलो काय रे? रविवारी ये. अर्ध्या बाह्यांचो शर्ट घाल."

रविवारी मुलाच्या आत्याचं लक्ष मुलीकडे कमी, गंगाबायच्या हाताकडे जास्त. गंगाबायने पदर ओढला नाही.

"बघा, नीट बघा! औषधाचो डाग हा. आणि हो त्याचो जोडीदार." तिने सगुणचा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. तसाच गोल, तसाच पांढरा.

"बाटली मीच चुकवली," सगुण पुटपुटला.

आत्याने दोन्ही गोल बोटाने चाचपले. "ह्याच्या हातात औषध कोणी दिल्यानी गे?" म्हणत ती खदखदून हसली आणि इतका वेळ न शिवलेला लाडू तिने उचलला. लग्न ठरलं.

"मावशी, कसे उपकार फेडू?" जाताना सगुणने विचारलं.

"मोपाच्या सड्यार माझी काजूची चार झाडां आसत. एक दिवस खाली पडलेले बोंडू वेचूक ये."

काजूचे दोन हंगाम उलटले, पण तो सड्याकडे फिरकला नाही. बसस्टॉपवर ती दिसली की सगुण मान खाली घालतो, आणि पलीकडून हाक येतेच, "काय रे शास्त्रज्ञा, बोंडू कुसले मरे!"